बिनबटण

आता तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. एखादा घरमालक भाडेकरूंच्या डोक्यावर मिरी वाटायला लागला, की जिन्यात कुजबुज होते, "याला एकदा बिनबटण करायला पाहिजे." म्हणजे काय, ते कुणी कुणाला समजावत बसत नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं काम करायचं नाही, त्याच्यासाठी बोटसुद्धा हलवायचं नाही, आणि हे सगळ्यांनी मिळून, ठरवून, अगदी गुण्यागोविंदाने करायचं. शिवीगाळ नाही, दगडफेक नाही, घोषणा तर नाहीतच. वर्तमानपत्रंही हल्ली हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापतात.

शब्द आला कुठून, याच्या मात्र शहरभर कहाण्या आहेत. एका व्याख्यात्याने छातीठोकपणे सांगितलं, की जुन्या काळी शिपायाला नोकरीतून काढताना त्याच्या अंगरख्याची बटणं तोडून घेत, त्यावरून हा शब्द पडला. टाळ्या पडल्या. कोटांच्या कारखान्यातला इस्त्रीवाला तर भेटेल त्याला सांगतो, की शब्द आपणच काढला. या इस्त्रीवाल्याने जन्मात वाफेखेरीज काही काढलेलं नाही, पण सांगतो.

खरी गोष्ट अशी, की तो शब्द ज्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला, तो माणूस अजून कारखान्यामागच्या गल्लीतच राहतो आणि हल्ली ऊन असो की थंडी, डोक्यातून घालायचे गळाबंद स्वेटर वापरतो. त्याच्या बायकोला कुणी विचारलं असतं, तर तिने सगळं सांगितलं असतं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि आपणहून तोंड उघडणाऱ्यांतली ती नव्हे.

तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिच्या आधी तिची बहीण कारखान्यात लागली होती आणि ती थोरली होती. दोघी काज-बटणाच्या टेबलावर. कारखाना कोटांचा. कोट कापणाऱ्याकडून शिवणाऱ्याकडे जायचा, तिथून अस्तर लावणाऱ्यांकडे, आणि सगळ्यात शेवटी खिडकीखालच्या त्या टेबलावर यायचा. तिथे पाचजणी एका लांब बाकावर दाटीवाटीने बसत. काजं करायची, बटणं लावायची, आणि कोट इस्त्रीला पाठवायचा.

बटण लावणं म्हणजे पोरखेळ, असं ज्याला वाटतं त्याने जाड लोकरीच्या कोटाला एक लावून दाखवावं. बटण कापडाला चिकटवून शिवायचं नसतं. थोडं वर ठेवायचं, खाली दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्याला मान करायची, म्हणजे कोटाची दुसरी बाजू तिथे आरामात मावते. मान नसली की कापड चुरगळतं, दोरा ताण खातो, आणि बटण कधीतरी उडतंच. शिवाय प्रत्येकीचा हात वेगळा. थोरली वरच्या दोऱ्याची फुली घालायची. धाकटी दोन सरळ रेघा ओढायची आणि शेवटची गाठ मानेत अशी दडवायची, की शोधून सापडू नये. त्या टेबलावर कुठलंही बटण टाका, हे कुणी लावलंय ते पाचहीजणी एका नजरेत सांगत.

धाकटीने लग्न केलं ते कापणाऱ्याशी. तेव्हा तो बरा होता. निदान तिला बरा वाटला होता. कातर छान चालवायचा, गुणगुणायचा, दुपारी टेबलाशी येऊन उगाच खडू मागायचा. मग मालकाने त्याला मॅनेजर केलं आणि त्याला आकाश ठेंगणं झालं. "मॅनेजरची बायको बटणं लावते, हे बरं दिसत नाही," असं म्हणून त्याने तिला घरी बसवलं, आणि टेबलावर तिच्या जागी दुसरी आली. थोरली बाहेर त्याला भावोजी म्हणायची, तेही त्याला खुपायला लागलं. तो आरशासमोर उभा राहून हसण्याचा सराव करायचा. मालकासाठी एक हसू, हेडक्लार्कसाठी त्याहून अर्धं, आणि कामगारांसाठी हसूच नाही. धाकटी दारातून हे बघायची, आणि आपण याच्यात काय पाहिलं होतं, याचं तिला मनापासून नवल वाटायचं.

एकदा मालक कारखान्यातून चक्कर मारताना बटणाच्या टेबलाशी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "या बसून असतात वाटतं?" बस, एवढंच. कदाचित त्याला काही म्हणायचंही नसेल. श्रीमंत माणसं येता-जाता असं काहीबाही बोलतात. पण मॅनेजरच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तर खिडकीखाली बाक नव्हता.

"उभ्याने हात झपाझप चालतात," मॅनेजर म्हणाला. "बसलं की माणूस सुस्तावतो. मी वाचलंय."

"साहेब," थोरली म्हणाली, "तुम्ही वाचलं ते बसून की उभ्याने?"

बायका हसल्या. मॅनेजरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि मग बाक परत येण्याची जी काय आशा होती तीही संपली.

बाक गेला कुठे, तर मॅनेजरच्या घरी. चांगलं लाकूड टाकून द्यायचं त्याच्या जिवावर आलं. दोन हमालांनी तो वर आणला आणि गॅलरीत ठेवला. मॅनेजरने त्यावर स्वतःच्या हाताने फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या.

"हा आमचा बाक ना?" धाकटीने विचारलं.

"कंपनीचा होता. आता आपला. बघ, कुंड्यांना काय शोभतोय!"

ती बघत राहिली. बाकाच्या एका टोकाला कडेवर बारीक भोकांची चाळणी झाली होती. थोरलीची जागा ती, खिडकीकडची. तिला सुई दातात धरायची सवय नव्हती, ती बाकाच्या कडेला टोचून ठेवायची. धाकटीने त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग काय केलं? काही नाही. कुंड्यांना पाणी घातलं. नवऱ्याशी वाद घालायचा कंटाळा इतका अंगात मुरला होता, की तिला तो आता कंटाळा वाटतच नसे, शहाणपण वाटे.

आणि ती गॅलरी रस्त्यावर होती. कारखाना सुटला की सगळे त्याच रस्त्याने जात. थोरलीने मान वर करून एकदा पाहिलं. बाक, कुंड्या, आणि झारी घेऊन उभी असलेली आपली बहीण. तिने मान खाली घातली आणि निघून गेली.

थोरलीने संप केला नाही. संप कुणालाच परवडणारा नव्हता, आणि शिवाय गणवेशांची मोठी ऑर्डर चालू होती, संप केला असता तर मालकाने पोलीस आणले असते. तिने टेबलाभोवती चौघींना एवढंच सांगितलं, "कंपनीचं काम थांबवायचं नाही. एकही कोट उशिरा जाता कामा नये. पण त्याचं काम करायचं नाही. त्याचं म्हणजे त्याचं. हाक मारली तर ऐकू आलं नाही. विनोद केला तर कळला नाही."

"त्याचे विनोद असेही कळत नाहीत," एकजण म्हणाली.

त्याच सुमारास मॅनेजरचा कोट तयार होत होता. मालक समारंभ करून त्याला आपल्या दोन्ही कारखान्यांचा मोठा मॅनेजर करणार, असं ठरलं होतं. त्यासाठी कंपनीच्या उंची लोकरीतून स्वतःसाठी कोट कापायचा हुकूम त्याने दिला होता, आणि शिंगाची तीन बटणं कुठूनशी मागवली होती. नव्या कापणाऱ्याने कापला, शिवणाऱ्याने शिवला, अस्तर लागलं, काजंही झाली. बाक गेला त्या दिवशी कोट बटणांसाठी टेबलावर आला, आणि तिथेच राहिला.

"माझ्या कोटाचं काय झालं?"

"हात दुखतायत साहेब," थोरली म्हणाली, हातातल्या गणवेशाला भराभर बटण लावत. "उभं राहून राहून."

त्याने दुसरीला सांगितलं, तर तिचा चष्मा घरी राहिला होता, तो नाकावर असताना. तिसरीच्या बोटाला सुई लागली होती. चौथी आणि पाचवी ऐकू न आल्यासारख्या एकमेकींशी बोलत राहिल्या. तो सगळ्यांना काढून टाकायच्या धमक्या देऊन पाय आपटत गेला, पण काढणार कसा? गणवेशांची ऑर्डर अडली असती, तर मालकाने आधी त्यालाच काढलं असतं. दिवसाकाठी बटणांच्या राशी ज्या टेबलावरून जात, तिथे त्याची तीन बटणं वाटीत पडून राहिली.

हळूहळू ते टेबलावरून उतरून सगळ्या कारखान्यात पसरलं आणि मग बाहेर आलं. लिफ्टवाला त्याला पाहिलं की लिफ्ट दुरुस्तीला काढायचा. चहावाला त्याच्यासमोर रिकामी किटली उलटी करून दाखवायचा. न्हाव्याने एका बाजूचे केस कापल्यावर दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून सांगितलं. कोट घेऊन तो रस्त्यापलीकडच्या टेलरकडे गेला, तर टेलर म्हणाला, "दोरा संपलाय." मागे रिळांनी भिंत भरलेली. "हा काय दोरा नाही?" मॅनेजर ओरडला. टेलर वळून बघत म्हणाला, "अरेच्चा! हा तर कुणीतरी आत्ताच संपवलेला दिसतोय."

हे वाचून कुणाला वाटेल, की काय एकेक शूर माणसं! तसं काही नव्हतं. इस्त्रीवाला महिन्यापूर्वीपर्यंत मॅनेजरचा रुमालही इस्त्री करून द्यायचा, कुणी सांगितलेलं नसताना. सगळे एकीकडे झाल्यावर तोही झाला, आणि सगळ्यात मोठ्याने बोलायला लागला. किराणावाल्याने धाकटीला भर दुकानात सुनावलं, "तुमच्या घरी माल जाणार नाही!" आणि संध्याकाळी मागच्या दाराशी येऊन कुजबुजला, "साखर ठेवलीय बाजूला, कुणाला सांगू नका." तिने साखर घेतली नाही. असल्या शूरांची साखर गोड तरी कशी लागणार, असं तिला वाटलं.

कारण हो, आता पाळी तिच्यावरही आली होती. जिन्यात बायका भेटल्या की गप्प होत. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवर तिच्या चादरीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहायची. तिला त्यांचा राग नव्हता. त्यांची तिला फिकीरच नव्हती. एक थोरली सोडली, तर त्या सगळ्या जगात तिला कुणी नव्हतं. आई गेल्यापासून तिची वेणी थोरलीने घातली होती, शाळेत थोरलीने पोचवलं होतं, पहिली सुई थोरलीने हातात दिली होती. थोरली आता तिच्याशी बोलत नव्हती, हे धाकटीला सहन होत नव्हतं. अगदी साधी गोष्ट होती ही.

एका संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. दार लोटलेलंच होतं. थोरली खुर्चीत बसली होती आणि तिचे दोन्ही पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात होते. घोटे दिसतच नव्हते इतके सुजलेले. पिंढऱ्यांवर निळ्या शिरा तटतटलेल्या.

"ताई," धाकटी म्हणाली, "मी काय केलंय?"

घमेल्यातलं पाणी थोडं हललं.

"मी काय त्यांना सांगितलं होतं बाक आणा म्हणून? शिव्या तरी दे मला. काहीतरी बोल."

थोरलीने टॉवेल घेतला, एक पाय पुसला, दुसरा पुसला, भिंतीला धरून उठली आणि धाकटीसमोर दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं. जिना उतरताना धाकटीला रडू फुटलं, आणि त्याच वेळी स्वतःचा असा संताप आला, की बस. काय केलंय म्हणून विचारायला गेली होती! रोज सकाळी त्या बाकावरच्या कुंड्यांना झारीने पाणी कोण घालत होतं?

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजर कागदात गुंडाळलेला कोट घेऊन घरी आला. खिशातून तीन बटणं काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"हे लावून टाक," तो म्हणाला. "तुला पाच मिनिटांचं काम. उगाच त्या बायकांच्या नादी लागलो मी. घरात सोन्यासारखा हात असताना!"

आज त्याला तिचा हात आठवला होता. इतकी वर्षं ते बरं दिसत नव्हतं. धाकटीने कोट उचलला, लोकर बोटांनी चाचपली. शिलाई सुरेख होती. तिने बटणं तळहातावर घेतली, आणि क्षणभर तिला खरंच सुई हातात घ्यावीशी वाटली, इतका छान कोट होता तो.

"बाक परत पाठवा," ती म्हणाली. "आत्ता. बाक खिडकीखाली गेला, की मी लगेच बटणं लावते."

तो हसला. कामगारांसाठी हसू नव्हतं त्याच्याकडे, पण बायकोसाठी एक होतं, सगळ्यांत हलकं. "बाकाचा आणि बटणाचा काय संबंध?"

"तो तुम्हाला कळत नाही, हेच तर सगळं रडगाणं आहे."

"अगं, उद्या मला दोन कारखाने मिळतायत! कळतंय का तुला? मोठी जागा, मोठं घर. हे सगळं तू तीन बटणांसाठी घालवणार?"

"मी कुठे घालवतेय? बटणं तुमची, कोट तुमचा, कारखाने तुमचे. बाक तेवढा तुमचा नाही."

तिने कोट खुंटीला टांगला, बटणं त्याच्या ताटाशेजारी नीट ओळीने ठेवली आणि वाढायला घेतलं.

तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ताट ढकलून तो उठला, काय करावं ते सुचेना म्हणून दार उघडून जिन्यात गेला आणि कठड्याला धरून, वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "बिनबटण केलं मला! सगळ्यांनी मिळून बिनबटण केलं! कारखान्याने केलं, टेलरने केलं, आता घरात बायकोनेही मला बिनबटण केलं!"

दारं किलकिली झाली. कुणीतरी खुदकन हसलं. आणि इतके दिवस जे सगळे करत होते पण ज्याला नाव नव्हतं, त्याला नाव मिळालं. सकाळपर्यंत ते गल्लीभर झालं होतं. दूधवाला शेजारणीला विचारत होता, "काय हो, बाईंनीसुद्धा बिनबटण केलं म्हणतात, खरं का?" ही त्या शब्दाची जन्मकथा. व्याख्यात्याने खुशाल टाळ्या घ्याव्यात.

मॅनेजरने मग स्वतःच बटणं लावली. सुईत दोरा ओवायलाच त्याला इतका वेळ लागला, की धाकटीची भांडी घासून झाली. त्याने जन्मभर कापड कापलं होतं. जोडायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. वरून गाठ मारली, खालून मारली, एकदा बाहीच मांडीवरच्या पँटला शिवून टाकली आणि उसवली. शेवटी तीनही बटणं कोटावर बसली. मान वगैरे काही नाही. कापडाला आवळून, जखमेला टाके घालावेत तशी. त्याने आरशात पाहिलं आणि मालकासाठीचं हसू हसून बघितलं.

"झालं की नाही?" तो म्हणाला. "कुणावाचून काही अडत नाही."

धाकटीने घासलेली भांडी फळीवर लावली. उद्या थोरली कोटाला बटणं बघणार, आणि तिला काय वाटणार?

समारंभ कारखान्यातच होता. मशीन बंद, कामगार भिंतीला लागून उभे, मधे खुर्च्या. मालक मधोमध, एका बाजूला मॅनेजर, त्याच्या बाजूला धाकटी. बटणाच्या टेबलामागे त्या पाचहीजणी उभ्या होत्या. आत येताना थोरलीची नजर सरळ कोटावर गेली. एक, दोन, तीन, तीनही बटणं जागच्या जागी. मग तिने धाकटीकडे पाहिलं, आणि धाकटीला बहिणीचा चेहरा दिवा मालवावा तसा बंद होताना दिसला. ओरडून सांगावंसं वाटलं, की ताई, माझा हात नाही तो, नीट बघ! पण इतक्या लांबून दिसणार कसं? आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

मालक बोलला. शिस्त, प्रगती, वगैरे. मॅनेजर उत्तराला उठला. "आदरणीय मालक," एवढं म्हणून त्याने छाती फुगवून श्वास घेतला, आणि मधलं बटण सुटलं. सुटलं म्हणजे उडालंच. मालकाच्या बुटावर टक्कन आपटून ते घरंगळत, सगळ्या कारखान्याच्या देखत, बटणाच्या टेबलाखाली जाऊन थोरलीच्या पायाशी थांबलं.

थोरली अवघडत वाकली. बटण उचलून तिने डोळ्यांजवळ नेलं. त्याला दोऱ्याचा गुंता लोंबत होता, चार भोकांतल्या दोनच भोकांतून गेलेला, वर तांदळाएवढी गाठ. तिने ते शेजारणीला दिलं. शेजारणीने पुढचीला. पाचहीजणींच्या हातातून बटण फिरलं, आणि फिरता फिरता एकेक मान वर होऊन धाकटीकडे वळली. थोरली सगळ्यात शेवटी वळली. तिचा चेहरा आता बंद नव्हता.

"अरे, लावा कुणीतरी ते बटण," मालक म्हणाला. "इथे बटण लावणारं कुणी नाही का?"

कुणी हललं नाही. खिडकीतून उजेड टेबलावर पडला होता, सुया चकाकत होत्या, दोऱ्याची रिळं रांगेत उभी होती. मालकाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर एका हाताने कोट धरून उभा होता, आणि दुसऱ्या हाताने वरचं बटण दाबून. मालक हसला, आणि ते हसू काही सरावातलं नव्हतं. मालकाला ना बाकाची पर्वा होती ना बायकांच्या पायांची. स्वतःबरोबर मालकाचंही हसं करणारा नोकर मात्र त्याला नको होता. "कोटांच्या कारखान्यात ज्याला एक बटण लावून मिळत नाही," तो उठता उठता म्हणाला, "त्याला मी दोन कारखाने देऊन काय करू?"

गोंधळात धाकटी कधी उठून गेली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ती घरी आली, गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून खाली ठेवल्या, आणि बाक ओढायला लागली. लांब, जड, जुन्या लाकडाचा बाक. जिन्याच्या वळणावर तो अडकला तेव्हा तिने पदर खोचून त्याला खालून खांदा दिला. दारं पुन्हा किलकिली झाली. त्या दिवशी बाक उचलायला आपणही होतो, असं सांगणारे आज इतके भेटतात, की तेवढ्यांनी हात लावला असता तर बाकाचा भुगा झाला असता. खरं म्हणजे एकानेही लावला नाही. तिने एकटीने तो रस्त्यावरून फरफटत नेला. लाकडी पायांचा कर्कश आवाज गल्लीभर घुमत होता आणि लोक खिडक्यांतून बघत होते. तिला त्यांच्याकडे बघायचीही गरज वाटली नाही.

वाटेत नवरा समोरून आला. कोट अंगाभोवती दोन्ही हातांनी गुंडाळलेला. "अगं, काय चालवलंयस हे? लोक बघतायत!" तिने त्याला वळसा घातला. वळसा बाकासकट घालावा लागला, म्हणून जरा वेळ लागला, एवढंच.

फाटकावर पहारेकऱ्याने दोन्ही दारं उघडली. मशीन पुन्हा सुरू झाली होती. तिने बाक खिडकीखाली नेला, भिंतीला सरळ लावला, थोरलीची चाळणी झालेली कड खिडकीकडे येईल असा फिरवला. खांदा सोलला होता. उभं राहायची ताकद उरली नव्हती, म्हणून ती मटकन बाकाच्या त्याच टोकावर बसली.

चौघीजणी हातातलं काम थांबवून बघत होत्या. थोरली टेबलाच्या कडेला धरत, दुखऱ्या पायांवर हळूहळू चालत आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. दोरा ओवलेली सुई तिच्या हातात होती.

"सरक," थोरली म्हणाली. "खिडकीकडची जागा माझी आहे."

धाकटी सरकली. थोरली बसली, पाय लांब केले, आणि सुई बाकाच्या कडेला टोचून ठेवली.